खेड्यातून निघालेले वर्तमानपत्र
(आर्वी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चिटणीसांनी आम्हांस 'समाज आणि शिक्षण' या विषयावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली होती. या विषयावर याच मंडपात आजवर पुष्कळ भाषणे झाली असून त्यांपैकी दोन तर आमचीच होती. ती ज्यांनी ऐकली त्यांच्यावर तिसऱ्यांदा तोच प्रसंग आणणे आमच्या जिवावर आले. म्हणून चिटणीसांची क्षमा मागून आम्ही विषय बदलून घेतला. एका वर्तमानपत्राची हकीकत आज सांगावयाची आहे. ते मुंबई-पुण्याचे नव्हे की नागपूरचेही नव्हे. जेथे रेल्वे नाही अशा एका खेड्यातून ते निघाले आणि सत्तावन्न वर्षे चालले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, सारा जन्म प्राथमिक शाळेत घालविलेले मास्तर. पांडित्याची अपेक्षा आपण ठेवणार नाही याची आम्हांस खात्री आहे.

आमच्या लहानपणी आर्वीस वर्तमानपत्रे यावयाची ती पुलगावहून येणाऱ्या छोट्या गाडीने. १९१७ साली सुरू झालेली ती अरुंद रुळांची गाडी, अंतर अवघे पस्तीस किलोमीटर. परंतु तिच्या डुलत येण्यामुळे सकाळच्या बातम्या आमच्यापर्यंत पोहोचता पोहोचता शिळ्या होत. आता ती गाडी बंद पडली आहे आणि बातम्या तर प्रत्येकाच्या खिशातच वाजू लागल्या आहेत. पण त्या काळी स्टेशनातून गठ्ठा आला की आमचे वडील आम्हांस मोठ्याने वाचावयास लावीत, आणि ओसरीवर पाचसात माणसे ऐकत बसत. एकदा आम्ही त्यांना विचारले, "बाबा, यात आर्वीचे काहीच कसे नसते?" ते म्हणाले, "असते की. कापसाचा भाव असतो."

ते उत्तर आम्ही विसरलो नाही. आमच्या मुलखाचे नाव छापून यावयाचे तर कापसाचा भाव तरी उतरला पाहिजे, किंवा जिनिंगला आग तरी लागली पाहिजे, असाच तो काळ होता. आपल्या शेजारच्या आष्टीचे नाव १९४२ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या देशाने ऐकले. पण त्यासाठी त्या गावच्या माणसांना गोळ्या झेलून प्राण द्यावे लागले. तेव्हा आपल्या गावची सुखदुःखे आपणच छापावीत, असे कोणा खेडवळ माणसास वाटले असेल काय, आणि वाटले तर त्याने ते कसे निभावले, हा प्रश्न आमच्या मनात फार दिवस होता. त्याचे उत्तर आम्हांस विदर्भात सापडले नाही, गोदावरीकाठी सापडले.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही सपत्नीक नेवाशास गेलो होतो. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरमहाराजांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, त्या खांबाचे दर्शन घ्यावे एवढाच हेतू. तेथे एका वृद्ध गृहस्थांशी बोलणे झाले. आम्ही मास्तर आहो असे कळताच ते म्हणाले, "मग तरवडीस गेल्यावाचून परत जाऊ नका. आमच्या तालुक्यात ग्रंथही झाला आणि वर्तमानपत्रही झाले." 'दीनमित्र' हे नाव आम्ही तोवर केवळ परीक्षेच्या पुस्तकात वाचले होते. तरवडीस आता दीनमित्रकार मुकुंदराव पाटील यांचे स्मारक आहे. आम्ही गेलो. आणि परत येताना आमच्या पिशवीत प्रसादाबरोबर 'दीनमित्रा'तील जुन्या लेखांचे एक पुस्तकही होते.

या पत्राचे मूळ पाहावयाचे तर आणखी मागे जावे लागते. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला तो १८७३ साली. त्यांच्या सहकाऱ्यांत पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे कृष्णराव भालेकर हे एक होते. शेतकऱ्यांची बाजू मांडणारे एकही पत्र नाही हे पाहून त्यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यास 'दीनबंधु' सुरू केले. साल लक्षात घ्या. दक्षिणेत तेव्हा भयंकर दुष्काळ होता. ज्यांच्यासाठी पत्र काढावयाचे त्यांना खावयास अन्न नाही, वाचता येणे तर दूरच, मग वर्गणी कोण देणार? भालेकरांनी पदरचे पैसे घातले, पत्र नेटाने चालविले आणि शेवटी ते त्यांच्या हातून सुटले. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेऊन पुन्हा उभे केले. गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे लोखंडे ते हेच.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'त छापून आली आणि पुढची छापण्यास लोखंडे धजले नाहीत. जोतीरावांस याचा फार विषाद झाला. लोखंडे भित्रे होते असे कोणी म्हणणार नाही. ज्याने गिरणीमालकांशी झुंज घेतली तो भित्रा कसा? पण छापखाना चालविणाऱ्यास कागद, शाई, कामगारांचा पगार आणि सरकारचा डोळा या साऱ्यांचा हिशेब ठेवावा लागतो. आपल्याच माणसाने लिहिलेले, आपल्याच बाजूचे लेखन आपल्याच पत्रात छापून येत नाही, असा प्रसंग त्या पहिल्याच पिढीत येऊन गेला. हे आम्ही मुद्दाम सांगत आहो; त्याचे कारण पुढे कळेल.

याच मंडळींपैकी गणपतराव पाटील यांनी 'दीनमित्र' नावाचे मासिक चालविले होते. ते १८९२ साली अकालीच वारले. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव, जन्म १८८५ चा, हे या पाटील घराण्यात दत्तक गेले. म्हणजे जन्मदात्याकडून 'दीनबंधु'चा आणि दत्तक घराण्याकडून 'दीनमित्रा'चा असा दुहेरी वारसा त्यांच्याकडे आला. जमीनजुमल्याचा वारसा घेण्यास भाऊबंद कोर्टात भांडतात; बुडीत गेलेल्या वर्तमानपत्राचा वारसा घेण्यास कोणी भांडल्याचे ऐकिवात नाही. मुकुंदरावांनी तो आपण होऊन घेतला. १९१० साली भालेकर वारले आणि त्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९१० रोजी, सोमठाणे या खेड्यातून साप्ताहिक 'दीनमित्र' निघाला. पुढे त्याचे बिऱ्हाड तरवडीस आले.

त्या दिवसांत वर्तमानपत्र काढणे म्हणजे काय, हे आजच्या तरुणांस कळावे म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. १८६७ च्या कायद्यान्वये मुद्रकास आणि प्रकाशकास मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन प्रतिज्ञापत्र करावे लागे. तो कायदा स्वातंत्र्यानंतरही राहिला आणि नवा कायदा होऊन अगदी अलीकडे, २०२४ साली, गेला. 'दीनमित्र' निघाला त्याच १९१० साली इंग्रज सरकारने आणखी एक कायदा केला. नव्या छापखान्याकडून पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार त्याने मॅजिस्ट्रेटला दिला. लिहिणे सरकारास खटकले की जामीन जप्त. पाचशे रुपये ही त्या काळी एका शेतकऱ्याच्या घरादाराची किंमत होती. हा कायदा डोक्यावर टांगलेला असताना एका पंचवीस वर्षांच्या तरुणाने खेड्यात बसून पत्र काढले.

नंतर छपाई. आमच्या शाळेची प्रश्नपत्रिका छापून आणण्याचे काम कित्येक वर्षे आमच्याकडे होते, त्यामुळे खिळ्यांचा छापखाना आम्ही जवळून पाहिला आहे. शिशाचे एकेक अक्षर उलटे ओतलेले. जुळाऱ्याने केसमधील घराघरांतून ते उचलावयाचे, पट्टीवर ओळ जुळवावयाची, ओळींची गॅली करावयाची, शाईचा रूळ फिरवून प्रुफ काढावयाचे, चुका दुरुस्त करून मग फर्मा यंत्रावर चढवावयाचा. छापून झाले की तीच अक्षरे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकावयाची, कारण पुढच्या आठवड्यास तीच लागणार. इंग्रजीस सव्वीस अक्षरे, मोठी-लहान धरून बावन्न. मराठीस काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे आणि अर्धी अक्षरे मिळून घरांची संख्या कितीतरी पट. शहरात 'ळ' संपला तर शेजारच्या छापखान्यातून उसना आणता येतो. खेड्यात तो कोणाकडून आणावयाचा? पावसाळ्यात ओढ्यास पूर आला की कागद अडला, कागद अडला की अंक अडला. आणि अंक अडला की वर्गणीदार म्हणणार, पाटलाचे पत्र बुडाले!

वर्गणीदार तरी कोण? १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरांत सहाच माणसे साक्षर होती, आणि शेती करणाऱ्यांत त्याहून कमी. पण खेड्यातल्या पत्राचा वाचक आणि शहरातल्या पत्राचा वाचक एका मापाने मोजू नये. शहरात एक अंक एकजण वाचतो. खेड्यात एकजण वाचतो आणि पारावर बसलेले वीसजण ऐकतात. ऐकणाऱ्यासाठी लिहावयाचे म्हणजे वाक्य कानाला लागले पाहिजे. मुकुंदरावांस हे पक्के ठाऊक होते. 'कुलकर्णीलीलामृत' या त्यांच्या काव्याचे नावच पाहा. ज्या समाजास पोथी ऐकण्याची सवय, त्यास त्यांनी पोथीच्याच थाटात वतनदार कुलकर्ण्याच्या लीला ऐकविल्या. सातबाऱ्यावर काय चढले आणि सावकाराच्या खात्यावर काय राहिले हे ज्यास वाचता येत नव्हते, त्यास ते कळले आणि तो हसलाही. 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' या कादंबरीच्या नावातच तिची सारी चव आहे.

त्यांची सर्वच भाषा आम्हांस मानवते असे नाही. ब्राह्मणांविषयी लिहिताना त्यांची लेखणी पुष्कळदा कडवट होते, आणि आमचे पहिले गुरुजी, ज्यांनी आम्हांस अक्षर शिकविले आणि फीचे पैसे भरले, ते ब्राह्मण होते. परंतु ज्याच्या बापाचे पत्र दुष्काळात बुडाले आणि ज्याच्या शेजाऱ्याची जमीन अंगठ्याच्या एका ठशाने गेली, त्याने गोड लिहावे अशी अपेक्षा करणारे आम्ही कोण? त्यांचा कडवटपणा केवळ परक्यांसाठी राखलेला नव्हता, हे येथे महत्त्वाचे आहे. सत्यशोधकांचा आग्रह असा की, लग्न असो वा मर्तिक, कर्ज काढून धर्म करू नये. हे सांगावयाचे तर आपल्याच भाऊबंदांस बोलावे लागते. भटजीवर टीका केली तर जात टाळ्या वाजविते. पंगतीवर टीका केली तर जात पानावरून उठून जाते.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्राह्मणेतर समाजाची पत्रे एकापाठोपाठ एक निघाली. बडोद्यास भगवंतराव पाळेकरांची 'जागृति', पुण्यास श्रीपतराव शिंदे यांचा 'विजयी मराठा', आणि ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईस डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक'. आपल्याकडे यवतमाळास त्याच सुमारास लोकनायक बापूजी अणे यांचा 'लोकमत' निघाला; तोच पुढे १९५२ च्या सुमारास जवाहरलाल दर्डांनी पुन्हा काढला आणि १९७१ पासून तो नागपूरचे दैनिक झाला. वर्ध्यास १९२३ साली विनोबांनी 'महाराष्ट्र धर्म' काढले. ते आधी मासिक होते, मग साप्ताहिक झाले. त्यांतले तुकारामाच्या अभंगांवरील लेख पुष्कळांनी आवडीने वाचले. ही सारी पत्रे थोर. पण ती शहरातली, निदान जिल्ह्याच्या ठिकाणची. तरवडी हे खेडे आणि खेडेच राहिले. पत्र मोठे झाले म्हणून मुकुंदराव शहरात गेले नाहीत. १९६७ साली त्यांचे देहावसान झाले, आणि 'दीनमित्र'ही तेव्हाच थांबला. दोन महायुद्धे, एक स्वातंत्र्य आणि महाराष्ट्र राज्याची स्थापना एवढे सारे त्या एका खेड्यातल्या यंत्रावरून छापून गेले.

आता आपण म्हणाल, मास्तर, हे सारे ठीक. पण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पत्राची ही कथा आर्वीच्या ज्ञातिसंमेलनात कशासाठी? त्याचे कारण सांगतो. ते सांगण्यास आम्हांस थोडे जड जात आहे.

१९८८ च्या सुमारास आम्ही एका गावी नोकरीस होतो. त्या भागात एक लहानसे साप्ताहिक निघत असे. चार पाने, ट्रेडलवर छापलेली; पहिल्या पानावर पुढाऱ्याचा दौरा, शेवटच्या पानावर कोर्टाच्या जाहीर नोटिसा, आणि नोटिसांच्या पैशांवर बाकीचे सारे चालावयाचे. संपादक, बातमीदार आणि वसुली कारकून एकच गृहस्थ. त्यांच्याच आग्रहाने आम्ही अधूनमधून शाळेचे निकाल, वृक्षारोपण असले काही लिहून देत असू.

त्या वर्षी आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील वारले. मुलगा हुषार, गणितात त्याच्यासारखा विद्यार्थी आम्हांस पुन्हा मिळाला नाही. घर आपल्याच समाजातले. तेरवीस साऱ्या पंचक्रोशीस जेवण घातले पाहिजे असे भाऊबंदांचे म्हणणे पडले. नाही घातले तर मुलींची सोयरीक कोण करणार? विधवा बाईने पाच एकरांतले दोन एकर विकले. तेरवी यथासांग झाली. त्या पंगतीत आम्हीही जेवलो, हे लपवीत नाही. महिन्याभराने मुलाने शाळा सोडली आणि तो जिनिंगमध्ये कामास लागला.

आम्ही त्या साप्ताहिकास एक पत्र लिहिले. कोणाचे नाव घेतले नाही. पण लहान गावात नाव न घेतल्याने नाव लपत नाही. पत्र छापून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी समाजातली चार वडीलधारी माणसे आमच्या घरी आली. कोणी आवाज चढविला नाही. त्यांनी चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि जाताना एवढेच म्हणाले, "गुरुजी, तुमच्याही घरी दोन मुली आहेत." पुढच्या अंकात आमचा खुलासा छापून आला. आमच्या लिहिण्याचा विपर्यास झाला, समाजाच्या रूढीविषयी आम्हांस आदर आहे, कोणाचे मन दुखावले असल्यास दिलगिरी, इत्यादी. संपादकांनी तो आमच्या हातून घेतला, एकदा वाचला आणि विचारले, "गुरुजी, यातले शुद्धलेखन तपासले ना?" त्याखेरीज ते काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी आमच्याकडे मजकूरही मागितला नाही.

पुढे ते साप्ताहिक बंद पडले. तरवडीहून परत आल्यावर आम्हांस ते पत्र पुन्हा वाचावेसे वाटले, म्हणून आम्ही त्या गावी जाऊन चौकशी केली. संपादक वारले होते. जुन्या अंकांचे गठ्ठे घरच्यांनी रद्दीत घातले, काहींस वाळवी लागली. माळ्यावर एक फाटके बंडल उरले होते, ते त्यांच्या सुनेने मोठ्या मनाने आमच्यापुढे ठेवले. आम्ही दुपारभर ते चाळले. आमच्या पत्राचा अंक त्यात नव्हता. खुलाशाचा अंक मात्र होता, कोपराही दुमडलेला नाही असा कोरा करकरीत.

'दीनमित्रा'चे लेख पुढल्या पिढीने जपले, छापले, म्हणून ते आपल्या हाती आले. आमच्या त्या गावाच्या इतिहासात मात्र आमचे म्हणणे म्हणून उरला तो खुलासा. पन्नास वर्षांनी कोणी संशोधक आला तर तो लिहील की, अमुक गावी तेरवीच्या रूढीस एका शिक्षकाने जाहीर आदर दर्शविला होता. आणि तो खोटे लिहील असेही नाही.

स्मरणिकेच्या संपादकांनी या भाषणाची प्रत मागितली तेव्हा आम्ही त्यांना एक अट घातली. स्मरणिकेत शुभेच्छांच्या जाहिराती असतात, आश्रयदात्यांची छायाचित्रे असतात, गुणवंत मुलांची यादी असते, आणि ते सारे असावयासही पाहिजे, कारण कागद फुकट मिळत नाही हे भालेकरांपासून चालत आले आहे. परंतु भाषण छापावयाचे तर या शेवटच्या परिच्छेदासह छापावे, नाहीतर मुळीच छापू नये. संपादकांनी दोन दिवस विचार करून होकार दिला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. ते दोन दिवस कसे गेले असतील याची आम्हांस कल्पना आहे.

मूळ पत्र आठवते तेवढे येणेप्रमाणे. आमच्या गावी गेल्या महिन्यात एका घरी तेरवी झाली. सुमारे सहाशे पाने उठली. त्यासाठी दोन एकर काळी जमीन विकण्यात आली. मृताचा मुलगा सातवीत होता. त्याने शाळा सोडली आहे. वर्षाच्या फीचे व पुस्तकांचे मिळून जे पैसे लागले असते, त्याहून अधिक खर्च केवळ बुंदीवर झाला. जेवणारांत प्रस्तुत लेखकही होता. ती जमीन कोणी घेतली, हे सर्वांस ठाऊक आहे, आणि पंगतीत पहिले पान त्यांचेच होते.